बोअर गेलंय म्हणे!

आपल्याकडे जुन्या मोटारसायकलला एकच आजार होतो. बोअर जाणे. पुलिंग कमी झालं, बोअर गेलं. किक मऊ लागली, बोअर गेलं.

दिवाळीत कुंडलला घरी गेलो तर अण्णांची जुनी 350 बुलेट अंगणात स्टँडला. मिस्त्रींनी पायानं किक दाबून निकाल दिला होता, "बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायला लागंल. आठ-नऊ हजार धरा." माझ्या सेमिस्टरच्या मेसचे पैसेही साधारण तेवढेच! म्हटलं, "अण्णा, इंजिन खोलू नका, आधी कॉम्प्रेशन बघू." अण्णा म्हणाले, "बघ की. पण मिस्त्रीचा कान चुकत न्हाई."

आमच्या गावाला यंत्राचं अप्रूप नाही. शेजारच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कारखाना उभारला, तेव्हा तिथल्या स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं. त्यामुळे नुसत्या आवाजावरून इंजिन ओळखणारा घरटी एक! त्या कानांबद्दल मला आदर आहे, पण कानाला आकडा सांगता येत नाही.

लॅबमधून मागून नेलेला गेज त्याच रात्री लावला. इंजिन थंड, थ्रॉटल बंद, चार किका. काटा साडेतीनवर. (किलो प्रति चौ. सें.मी., व्हायवावाल्यांसाठी!) मिस्त्री जिंकले असं वाटून झोपलो.

सकाळी लक्षात आलं की मी टेस्ट केलीच नव्हती, नुसता गेज लावला होता. मग सगळं क्रमानं केलं. टॅपेट थंड इंजिनवरच बघायचे, म्हणून ते पहिले. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आणून पुशरॉड बोटानं फिरवून पाहिले. सहज फिरावेत, पण वर-खाली खेळू नयेत. टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि दोष रिंगांवर जातो. नंतर डीकॉम्प्रेसर. त्याची केबल ताणलेली निघाली, ढील अजिबात नाही! म्हणजे हेडमधला तो छोटा व्हॉल्व्ह कायम किंचित उघडा. किक मऊ लागणारच. केबल ढिली केली.

मग पंधरा मिनिटं गाडी फिरवून इंजिन गरम केलं. प्लगभोवतीची माती फुंकून, पुसून मगच प्लग काढला, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये. पेट्रोल कॉक बंद, इग्निशन बंद. (सीडीआयवाल्यांनी प्लग कॅपमध्ये घालून इंजिनला अर्थ करावा, नाहीतर सीडीआयच जायचा.) चोक बंद, आणि अण्णांना थ्रॉटल पूर्ण उघडा धरायला सांगितला, कारण हवाच आत आली नाही तर दाबणार काय? काटा चढायचा थांबेपर्यंत किका. साडेसहा! प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मारल्या. रिंगा झिजल्या असत्या तर काटा चांगलाच चढला असता. जेमतेम हलला.

साडेसहा म्हणजे कमीच की, असं म्हणू नका. या बुलेटचा कॉम्प्रेशन रेशो 6.5 आहे. हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या पल्सरचा आकडा तिला लावायचा नसतो.

मिस्त्रींना हसायचा आपल्याला हक्क आहे का, हे मात्र मी परत येताना बसमध्ये विचारत होतो. आय. सी. इंजिनच्या प्रॅक्टिकलला आपण काय करतो? सिनियरच्या जर्नलमधलं रीडिंग उतरवतो. आकडा नेहमी बरोबर येतो, कारण तो इंजिनमधून येतच नाही! मिस्त्री निदान किक तरी दाबून बघतात. सरांना विनंती आहे, दहापैकी सात मार्क रीडिंग घेण्याआधीच्या कामाला द्या. इंजिन गरम होतं का, थ्रॉटल कुणी धरला होता, टॅपेट कधी पाहिले, एवढं विचारलं तरी अर्धी जर्नलं परत जातील. माझंही त्यात असेल.

गेज लॅबच्या कपाटात परत ठेवलाय. अण्णांनी मिस्त्रींना आकडा सांगितला, पण त्यावर त्यांचा विश्वास बसलेला नाही. केबल मात्र त्यांनी स्वतः वाकून पाहिली म्हणे.