भाजलेल्या मिरचीला पहिल्या बशीचा मान

स्पेनच्या वायव्येला, गालिसियात, पाद्रोन नावाचं छोटं गाव आहे. तिथली बोटभर हिरवी मिरची सालीवर फोड येईपर्यंत ऑलिव्हच्या तेलात परततात, वर जाडं मीठ टाकतात आणि जेवणाआधी पाहुण्यांपुढे ठेवतात. त्यात दुसरं काही पडत नाही. शेजारच्या एर्बोन इथल्या फ्रान्सिस्कन मठातल्या साधूंनी तिचं बियाणं मेक्सिकोहून आणलं, असं मानतात. एर्बोनमध्ये १९७९ पासून दर ऑगस्टला मिरचीचा उत्सव भरतो आणि ‘एर्बोनची मिरची’ या नावाला युरोपात कायद्याचं संरक्षण आहे. आता भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातल्या आंबागडकडे पाहा. चुलीच्या निखाऱ्यावर मिरची भाजून मीठ-तेलाशी खाणं सातपुड्याच्या या पायथ्याला कुणाला शिकवावं लागत नाही. तरी पाहुणा आला की पुढे येतात पाकिटातले वेफर्स, आणि मिरची राहते ताटाच्या कडेला. ती स्वतंत्र पदार्थ म्हणून, सगळ्यात आधी वाढली पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: आपली मिरची जहाल, ती नुसती कोण खाणार? पण पाद्रोनचीही प्रत्येक मिरची सौम्य नसते. एकाच ताटलीत एखादी डोळ्यांतून पाणी काढते आणि लोक ते मान्य करूनच खातात. शिवाय तिखटपणा बऱ्याच अंशी आपल्या हातात असतो. तो तयार होतो बियांत नव्हे, तर आतल्या पांढऱ्या शिरांत. फळ जून होत जातं तसा वाढतो आणि झाडाला पाण्याचा ताण बसला तरी चढतो. म्हणून मिरची कोवळी तोडावी, धुऊन पूर्ण कोरडी करावी, एक चीर देऊन शिरा काढाव्यात. चीर नसेल तर ती निखाऱ्यावर फुटते. भाजल्यानं तिखट फारसं मरत नाही. साल करपते, आतला गर मऊ आणि गोडसर होतो, आणि भाजायचं ते याच चवीसाठी. जवसाचं तेल मात्र तापवू नये, कच्चंच वरून सोडावं. धानाच्या बांध्यांत जवस घेणाऱ्या या भागाला ऑलिव्हची उणीव भासण्याचं कारण नाही. सोबत पाण्याऐवजी ताक हवं, कारण तिखट पाण्यात विरघळत नाही.

हे परक्यांचं अनुकरण होईल, असंही कुणी म्हणेल. पण मिरची दोघांकडेही अमेरिकेतूनच आली. स्पेनमध्ये कोलंबसाच्या सफरींनंतर, आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतांतून. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंदशाह याच्या काळात, १७००च्या सुमारास, आंबागडचा किल्ला उभा राहिला, तेव्हा तिला भारतात येऊन शंभरावर वर्षं झाली होती.

खरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे. कोवळी मिरची वजनाला भरत नाही आणि तोडणीची मजुरी मात्र वाढते. हे खरंच आहे. जवळच्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचं नाव झालं ते लाल, वाळल्या मालामुळे. हिरवी मिरची बाजारात निनावीच विकली जाते आणि भाव पडला की शेतातच राहते. कोवळा तोडा वेगळा निवडून, गावाच्या नावानं, वेगळ्या दरानं विकला तरच तो परवडेल. त्यासाठी आधी गिऱ्हाईक तयार व्हायला हवं. तुमसर-भंडाऱ्याच्या ढाबेवाल्यांनी आणि लग्नाचं जेवण ठरवणाऱ्यांनी यंदाच्या हंगामात ही एक बशी मांडून पाहावी, आणि शेतकऱ्याला तिचे पैसे वजनावर नव्हे, निवडीवर द्यावेत.