पासिंग गाडीचे आणि माणसाचे

दसऱ्याच्या सकाळी कळंबोलीच्या किंवा नाशिकजवळच्या आडगावच्या ट्रक टर्मिनलवर गेले, तर उभ्या असलेल्या गाड्यांच्या माथ्यावर झेंडूचे तोरण दिसते. चाकाखाली लिंबू, समोर फोडलेला नारळ, काचेखाली हळदकुंकवाची बोटे. ज्या यंत्रावर आपले पोट चालते त्याची वर्षातून एकदा पूजा करावी, हा आपल्याकडचा जुना आणि सुंदर संस्कार आहे. शासनही त्या यंत्राची काळजी घेते. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ‘पासिंग’साठी न्यावी लागते. ब्रेक, दिवे, टायर, धूर असे सारे तपासून घ्यावे लागते. ती गाडी हाकणाऱ्या माणसाचे पासिंग मात्र पाच वर्षांतून एकदा होते. पूर्वी ते तीन वर्षांनी होत असे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने परवान्याची मुदत वाढली आणि कार्यालयातील खेपा वाचल्या म्हणून साऱ्यांनी तिचे स्वागतच केले.

त्या पाच वर्षांनी तरी काय पाहिले जाते? परवान्याच्या नूतनीकरणासोबत ‘नमुना १-अ’ या नावाचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यात भर असतो तो दृष्टी, रंगांची ओळख, श्रवण आणि हातापायांची हालचाल यांवर. चालकाच्या रक्तात वाढलेली साखर किंवा छातीत पडलेला डाग त्या कागदावर उमटत नाही. त्यातही हा कागद अनेकांच्या लेखी शिक्का मिळविण्यापुरताच असतो, हे परिवहन कार्यालयाच्या आवारात घटकाभर उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

लांब पल्ल्याच्या चालकाला गंभीर आजार झाला, तर पुढे काय होते, याचा विचार आपल्या समाजाने फारसा केलेला नाही. क्षयरोगाचेच उदाहरण घेऊ. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. २०२५ अखेर हा रोग देशातून हद्दपार करण्याचे उद्दिष्ट होते. रुग्णांचे प्रमाण लक्षणीय घटले, पण उद्दिष्ट गाठता आले नाही. समजा, पाथर्डी तालुक्यातील पस्तिशीचा एक चालक न्हावाशेवाहून माल भरून कोलकात्याला निघाला आहे. नाशिक, धुळे, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर असा सुमारे दोन हजार किलोमीटरचा रस्ता. तीन आठवडे खोकला आहे, संध्याकाळी अंग कसकसते. ताप इंजिनाच्या उष्णतेमुळे आहे, वजन जागरणामुळे उतरले आहे, अशी तो स्वतःची समजूत घालतो. धाब्याशेजारच्या दुकानातून खोकल्याची बाटली घेतो आणि पुढे जातो.

थुंकीच्या नमुन्यावरून दोन तासांत निदान करणारी यंत्रे आता जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली आहेत. पण चालकाला तेथपर्यंत पोहोचता येत नाही. सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो आणि नेमक्या त्याच वेळी बहुतेक शहरांत अवजड वाहनांना ‘नो एन्ट्री’ असते. ती नसती, तरी रुग्णालयाच्या दारात चौदा चाकी गाडी उभी करायला जागा कोठली? गाडी बाहेरच्या रस्त्यावर सोडून रिक्षाने जावे, तर मागे ताडपत्री फाडून माल आणि टाकीतले डिझेल चोरीला जाण्याची धास्ती. नागपूरला नमुना दिलाच, तर अहवाल हाती येण्याच्या वेळेस गाडी रायपूर ओलांडून गेलेली असते. रुग्णालय एका जागी स्थिर आणि रुग्ण सतत चालता, अशी ही मुळातली विसंगती आहे.

निदान झाले तरी खरी परीक्षा पुढेच असते. औषधे सहा महिने घ्यायची. पहिले दोन महिने चार औषधे, नंतरचे चार महिने तीन. ती विनामूल्य मिळतात. परंतु चार औषधांपैकी इथॅम्ब्युटॉलमुळे काही रुग्णांची दृष्टी मंदावते, लाल आणि हिरव्या रंगातला फरक कळेनासा होतो. आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येऊ शकतात, त्यासाठी जोडीला जीवनसत्त्व द्यावे लागते. कार्यालयात बसणाऱ्या रुग्णासाठी ही तक्रार असेल. ज्याला रात्री दोन वाजता घाटात समोरच्या गाडीचे लाल दिवे ओळखायचे आहेत आणि क्लचवर पाय ठेवायचा आहे, त्याच्यासाठी आणि रस्त्यावरच्या इतरांसाठी हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते. हे अपायकारक नाही. पण आधी कोणी सांगितलेच नसेल, तर परराज्यातल्या पेट्रोल पंपाच्या शौचालयात ते पाहून माणूस घाबरतो आणि गोळ्या फेकून देतो. ‘तुमचा व्यवसाय काय?’ हा साधा प्रश्न औषध देणाऱ्याने विचारला आणि उत्तर ऐकून आणखी पाच मिनिटे खर्च केली, तर यातले बरेचसे टळू शकते.

औषध सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, चार पैसे मिळवावेत असे वाटू लागते. याच टप्प्यावर औषधे सुटतात. सुटलेल्या औषधांतून त्यांना न जुमानणारा क्षय निर्माण होतो आणि तो एकट्या चालकापुरता राहत नाही. त्याच्याच केबिनमध्ये, काच लावून, त्याच्या शेजारी क्लीनर झोपतो. बहुधा तो गावचाच, नात्यातला, विशीच्या आतबाहेरचा मुलगा. योग्य उपचार सुरू झाले की साधारण दोन आठवड्यांत रुग्णापासून होणारा संसर्ग पुष्कळ कमी होतो. म्हणजे चालकाने सुरुवातीचे ते दिवस घरी काढले आणि पुढची औषधे नेमाने घेतली, तर तो मुलगा वाचतो. पण ‘उस्तादां’ना काय झाले आहे, हे त्या मुलाला कोणी सांगत नाही. उस्तादही सांगत नाही, कारण शेठना कळले तर गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हाती जाईल.

ही भीती निराधार नाही. या व्यवसायात पगार थोडा आणि कमाई मुख्यतः ट्रिपवर असते. खर्चीतून आणि भत्त्यातून जे वाचेल ते घरी जाते. ट्रिप नाही तर पैसा नाही; आजारपणाची रजा हा शब्द या धंद्यात जन्मालाच आलेला नाही. बहुसंख्य मालकांकडेही एक-दोनच गाड्या असतात आणि त्यांच्या डोक्यावर गाडीच्या कर्जाचे हप्ते असतात. चालक आजारी म्हणून उभी राहिलेली गाडी शेठलाही परवडत नाही. त्यामुळे या प्रश्नात खलनायक शोधायला निघालेल्याच्या हाती फारसे काही लागणार नाही.

कायद्याने काहीच केले नाही, असे मात्र नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि लांब पल्ल्यासाठी अपवाद म्हणून दहा तास, अशी कामाची मर्यादा घातली होती. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला. हा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या या संहितेत ठरावीक वर्गातील कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी मालकाने विनामूल्य करून द्यावी, अशी स्वागतार्ह तरतूद आहे. तथापि तिचा सर्वसाधारण उंबरठा दहा कामगारांचा आहे. दोन गाड्यांचा शेठ आणि त्याचे दोन चालक कालही कायद्याच्या बाहेर होते आणि आजही बाहेरच आहेत.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. राष्ट्रीय परवाना असलेल्या मालवाहू गाडीवर दोन चालक असावेत आणि एकाला आडवे होता येईल अशी जागा केबिनमध्ये असावी, असा नियम अनेक वर्षे होता. तो किती पाळला गेला, हा प्रश्न वेगळा. २०१८ मध्ये वाहतूकदारांच्या मागणीनुसार दोन चालकांची सक्ती काढून टाकण्यात आली. चालकांचा तुटवडा लक्षात घेता व्यवहाराच्या दृष्टीने ते समजण्यासारखे होते. पण वाटेत ताप भरला तर स्टिअरिंग कोण धरणार, या प्रश्नाचे कागदावरचे एकमेव उत्तरही त्याबरोबर पुसले गेले.

‘वेळेत पोहोचायचे असते, थांबणार कसे?’ असे चालक म्हणतात. ही वेळ कोण ठरवते? मालासोबतचे ई-वे बिल जानेवारी २०२१ पासून दर दोनशे किलोमीटरला एक दिवस देते. म्हणजे मुंबई-कोलकाता प्रवासाला कायद्याने सुमारे दहा दिवस मिळतात आणि अडचण आल्यास मुदत वाढवूनही घेता येते. चालकाला मात्र त्याच्या निम्म्याच दिवसांत पोहोचायला सांगितले जाते. ही घाई बिल्टी फाडणाऱ्या कार्यालयाची, कारखान्याच्या गोदामाची आणि थोडी आपलीही आहे. आज मागविलेली वस्तू परवा दारात हवी, असा हट्ट आपण सुशिक्षित कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत धरला आहे. वाटेत अर्धा दिवस रुग्णालयात काढण्याइतकी फट कायद्याने ठेवली आहे. आपण ती बुजवून टाकली आहे.

चालकाच्या आरोग्याकडे देशाने एकदाच मनापासून पाहिले, ते एड्सच्या निमित्ताने. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये मद्रासला झाली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि पुढे महामार्गांवरील थांब्यांवर पथनाट्ये, दवाखाने, समुपदेशन सुरू झाले. त्या कामाने असंख्य जीव वाचले, यात शंका नाही. पण त्या काळातील अधिकृत भाषेत ट्रकचालकाला ‘सेतू’ गट म्हटले जाई. रोग ज्याच्यावरून चालत जाऊन सर्वसामान्य घरांपर्यंत पोहोचतो, तो सेतू. आपण पुलाची काळजी घेतली ती पलीकडच्या काठावरच्या आपल्या घरासाठी. धाब्यावर आलेल्या कार्यकर्त्याने त्याचा रक्तदाब क्वचितच मोजला असेल. उलट ‘ट्रकवाला म्हणजे तसलाच’ हा शिक्का त्याच्या कपाळी बसला आणि आजही खोकणारा चालक तपासणीला बिचकतो, त्यामागे हा शिक्का आहे.

तरीही त्याच अनुभवातून एक धडा मिळतो. १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीची औषधे शासनाने विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. पुढे मुख्य केंद्रांना जोडलेली लहान केंद्रे निघाली, कोरोनाच्या काळात स्थिर रुग्णांना एकाच वेळी दोन-तीन महिन्यांची औषधे देण्यात आली. २०१७ च्या कायद्याने केवळ या आजारामुळे कोणालाही कामावरून काढण्यास मनाई केली. एचआयव्ही असलेला माणूस रोज गोळी घेऊन आज वर्षानुवर्षे ट्रक चालवू शकतो. दुर्धर म्हटलेल्या आजाराला चाकांवर सांभाळता येते, याचे हे प्रत्यक्ष उदाहरण आहे. मग क्षयाला, मधुमेहाला, हृदयविकाराला तसे का सांभाळता येऊ नये?

मधुमेहाची अडचण तर रोजची आहे. इन्सुलिन थंड ठेवायचे आणि केबिन मे महिन्यात भट्टीसारखी तापलेली. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या जड मालवाहू गाड्यांत वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली, पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या जुन्याच आहेत. जेवण कधी दुपारी चारला, कधी रात्री बाराला. सुई घेतली आणि धाबा लांबला, तर साखर एकाएकी उतरून स्टिअरिंगवरच भोवळ यायची. म्हणून गाडीवर असताना सुईच नको, असा सोपा निष्कर्ष चालक काढतो. पाय बधिर होतात, डोळ्यांपुढे जाळी येते, आणि हे सारे पाच वर्षांनंतरच्या शिक्क्याच्या वेळी उघड झाले तर झाले.

शासनाच्या योजना आज कमी नाहीत. क्षयरुग्णाला पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा पाचशे आणि नोव्हेंबर २०२४ पासून हजार रुपये थेट खात्यात मिळतात. ‘निक्षय’ प्रणालीत नोंद झालेल्या रुग्णाला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वर्ग करता येते. २०१७ नंतर आठवड्यातून तीनदा केंद्रावर जाण्याची पद्धत मागे पडून रोजची गोळी आली, जी केबिनमध्येही घेता येते. आयुष्मान भारत योजनेत शहरी भागातील चालक आणि त्यांचे मदतनीस यांचा व्यवसाय म्हणून स्वतंत्र उल्लेख आहे आणि योजनेचा लाभ देशभरातील संलग्न रुग्णालयांत घेता येतो. मात्र तो मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाला, महिन्याच्या गोळ्यांना नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी महामार्गांवर चालकांसाठी पहिल्या टप्प्यात एक हजार आधुनिक विश्रामगृहे उभारण्याची घोषणा केली. भोजन, स्वच्छ पाणी, शौचालय, वाहनतळ आणि विश्रांती अशी ही कल्पना आहे. गाडी उभी करायला सुरक्षित जागा आणि माणसाला थांबायला निमित्त, या दोन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथेच औषधाची खिडकी उघडली पाहिजे. सायंकाळी सात ते रात्री अकरा या वेळेत तेथे एक परिचारिका, एक रक्तदाबमापक, साखर तपासण्याचे यंत्र, थुंकीच्या नमुन्याची डबी आणि ‘निक्षय’शी जोडलेला एक संगणक असावा. नमुना धुळ्याला द्यावा, अहवाल फोनवर मिळावा, औषध रायपूरला घ्यावे, असा उपचार बिल्टीसारखा मालाबरोबर चालत गेला पाहिजे.

समाजाच्या वाट्यालाही काम आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या क्षयमुक्त भारत अभियानात ‘निक्षय मित्र’ होऊन अनेक संस्था आणि कुटुंबे रुग्णांना सहा महिने शिधा देत आहेत. ही डाळ आणि शेंगदाणे चालकाच्या घरी पोहोचतात, तो मात्र महिन्याचे पंचवीस दिवस धाब्यावर जेवतो. त्याच्यासाठी मित्र व्हायचे, तर घरच्या शिध्याबरोबर पहिल्या दोन आठवड्यांच्या बुडालेल्या ट्रिपची भरपाई करावी लागेल. एका चालकाचे पंधरा दिवसांचे घर चालवायला लागणारी रक्कम मध्यमवर्गीय कुटुंबांच्या एखाद्या छोट्या गटालाही जड नाही. गावोगावच्या वाहतूकदार संघटना दसऱ्याला मंडप घालतात, पूजा करतात, जेवणावळी घालतात. त्याच मंडपात त्या दिवशी शे-दीडशे चालक आणि त्यांचे क्लीनर हमखास जमलेले असतात. वर्षभरात ते असे एका ठिकाणी पुन्हा भेटत नाहीत. जिल्हा क्षयरोग केंद्राला आठ दिवस आधी पत्र दिले, तर तपासणीचे पथक मागविता येते. यंदाच्या दसऱ्याचे ते पत्र लिहायला अजून वेळ आहे.