दादींचा चेहरा का पुसटला?

गेल्या महिन्यात आम्ही घरातल्या एका निकाहची जुनी व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवून घेतली. फाइल इतकी मोठी झाली की दुबईतल्या फुफींना पाठवणे जमेना. मग फोनमधल्या एका फुकटच्या अ‍ॅपने ती लहान केली आणि पाठवली. लगेच फुफींचा फोन आला, "अम्मा कुठे दिसतेय? चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन आहेत!"

दादी आज हयात नाहीत. त्या कॅसेटमध्ये त्या जेमतेम दोन सेकंद दिसतात, आणि त्यांतलाही पहिला अर्धा सेकंद असा वाया गेला होता. चूक कुठे झाली, ते आम्ही शोधत बसलो.

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेली चित्रे. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत सेकंदाला २५. एका चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट धरले, तर तासाभराचे सुमारे ११२ जीबी होतात. एवढे कोण साठवणार? म्हणून २००३ साली मान्य झालेल्या एच.२६४ सारख्या पद्धती एक युक्ती वापरतात. एक चित्र पूर्ण लिहायचे आणि पुढच्या चित्रांत शक्यतो बदल तेवढाच टिपायचा. काझीसाहेब खुतबा पढत आहेत, मागचा पडदा तोच, हार तेच, हलतात ते फक्त ओठ आणि हात. मग पडदा पुन्हा कशाला लिहायचा?

पण कॅमेरा अचानक बायकांच्या मजलिसीत गेला, तर मागच्या चित्राचा काही उपयोग उरत नाही. तिथे नवे चित्र पूर्णच लिहायला हवे. आमच्या अ‍ॅपला हे कळत नव्हते. ते ठरावीक अंतरानेच पूर्ण चित्र लिहीत होते. दादींचे दृश्य नेमके मधे आले. बदल टिपण्यासाठी राखलेल्या थोड्याशा बाइटांत अख्खे चित्र कोंबावे लागले आणि चेहऱ्याचे चौकोन झाले.

एक्स२६४ नावाचा मोफत प्रोग्रॅम ही काळजी घेतो. तो पुढची चित्रे आधीच, लहान आकारात, पाहून ठेवतो आणि हिशेब करतो: हे चित्र मागच्यावरून काढायला किती खर्च येईल आणि नव्याने काढायला किती? मागच्यावरून काढणे फारसे स्वस्त पडत नसेल, तर दृश्य बदलले असे तो धरतो. दृश्य बदललेच नाही, तरी जास्तीत जास्त २५० चित्रांनंतर तो एक पूर्ण चित्र लिहितोच.

लग्नाच्या व्हिडिओत त्याचीही परीक्षा होते. फोटोग्राफरचा फ्लॅश चमकला की क्षणभर सगळे पांढरे होते, पण दृश्य तेच असते. म्हणून चमक सरल्यावर जुने चित्र परत येते का, हे तो पुढे डोकावून पाहतो. याउलट, त्या काळच्या हौसेप्रमाणे एक दृश्य विरघळत दुसरे उमटते, तिथे नेमकी सीमाच नसते. असा बदल त्याच्याही नजरेतून निसटू शकतो.

आम्ही मूळ फाइल पुन्हा घेतली आणि या प्रोग्रॅमने दोन फेऱ्यांत लहान केली. पहिल्या फेरीत पाहणी, दुसरीत बाइटांची वाटणी. आता दादी पहिल्या चित्रापासून स्वच्छ दिसतात. शिवाय व्हिडिओ पुढे सरकवताना नेमके त्यांच्या दृश्यावर थांबता येते, कारण तिथे पूर्ण चित्र आहे.

वाचकहो, मूळ फाइल हाताशी होती म्हणून हे जमले. लहान केलेल्या फाइलमधून पुसला गेलेला चेहरा कोणताही प्रोग्रॅम जसाच्या तसा परत आणू शकत नाही. तेव्हा पाठवायला लहान प्रत करा, पण मूळ फाइल हार्ड डिस्कवर जपून ठेवा, शक्य तर दोन ठिकाणी. आणि प्रत पाठवण्याआधी घरातल्या बुजुर्गांचे चेहरे एकदा थांबवून पाहा.

फुफींनी नवी फाइल पाहिली. या वेळी फोन आला तो बऱ्याच वेळाने.