स्त्रियांसाठी उघडे दार

जपानमधील कोयासान पर्वतावर शिंगोन या बौद्ध पंथाचे मुख्य पीठ आहे. कित्येक शतके तेथे स्त्रियांना प्रवेश नव्हता. सरकारने अशी बंदी १८७२ साली रद्द केली. मग तोपर्यंत भाविक स्त्रियांनी जायचे तरी कुठे?

त्यांच्यासाठी नारा प्रांतातील दाट झाडीच्या दरीत एक दार उघडे होते. ते होते मुरोजी मंदिराचे. म्हणूनच लोक त्याला ‘न्योनिन कोया’, म्हणजे ‘स्त्रियांचे कोया’, म्हणू लागले.

नदीवरचा लाल पूल ओलांडला की उंच सुगी वृक्षांची सावली सुरू होते. पाण्याचा आणि पाखरांचा आवाज तेवढा कानी येतो. वसंतात दगडी पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना ऱ्होडोडेंड्रॉनची गुलाबी फुले बहरतात. वर पाच मजली लाकडी पॅगोडा आहे. वय सुमारे बाराशे वर्षे, उंची मात्र जेमतेम १६ मीटर!

सप्टेंबर १९९८च्या वादळात एक प्रचंड सुगी वृक्ष त्यावर कोसळला. पाचही छपरांची एक बाजू मोडली, पण पॅगोडा उभा राहिला. २००० सालापर्यंत कारागिरांनी तो पूर्ववत केला.

पॅगोडामागून पायऱ्या आणखी वर, जंगलातल्या देवळाकडे जातात. खालपासून मोजल्यास त्या सुमारे सातशे भरतात. चढताना धाप लागते. मोठ्या पर्वताने नाकारलेल्या किती जणी याच वाटेने चढल्या असतील!