सामाईक मोरी आणि शेजारधर्म



या सदरात आम्ही बहुधा आत्म्याच्या आरोग्याविषयी लिहितो. आज मोरी आणि संडास यांविषयी लिहीत आहो, म्हणून कोणी नाक मुरडू नये. पवित्र शास्त्राने हा विषय वर्ज्य मानलेला नाही. अनुवाद ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात इस्राएल लोकांस आज्ञा आहे की, शौचासाठी छावणीबाहेर जागा राखावी, जवळ खणण्याचे हत्यार बाळगावे व विष्ठा मातीने झाकून टाकावी. कारण परमेश्वर स्वतः त्या छावणीत वावरतो. ज्या वस्तीत देव वावरतो ती वस्ती स्वच्छ राखणे हा भक्तीचाच भाग होय.

आमच्या नार्नूर भागात पूर्वी परसाकडे जाण्यास मोकळे रान होते, आणि सांडपाणी ज्याच्या त्याच्या परसात मुरत असे. आता दिवस पालटले. वडिलोपार्जित घरांच्या वाटण्या झाल्या, वर मजले चढले, भाडेकरू आले, शाळांना जोडून वसतिगृहे उभी राहिली. चुली वेगळ्या झाल्या. परंतु मैलापाण्याचा पाइप आणि टाकी मात्र एकच राहिली. मग पावसाळा आला की तक्रारींस आरंभ होतो. खालच्या मोरीतून पाणी उलटते, संडासाचे भांडे गुडगुडते, दुर्गंधी सुटते. आणि त्याहून वाईट म्हणजे शेजाऱ्याशेजाऱ्यांत, कित्येकदा सख्ख्या भावांत, वितुष्ट येते. ‘तुमच्या पोरांनी काही टाकले’, ‘तुमच्या वरच्यांना वापरता येत नाही’, अशा शब्दांनी एकदा मने दुखावली की ती पाइपासारखी बांबूने मोकळी करता येत नाहीत. म्हणून दोष कोठे आहे हे शांतपणे कसे शोधावे, याविषयी चार गोष्टी सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम गुडगुडण्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. प्रत्येक संडासाच्या भांड्याखाली वाकडी नळी असते. गवंडी तिला ट्रॅप म्हणतात. मोरीच्या जाळीखाली असते तो नहाणी ट्रॅप. या बाकात साधारण दोन इंच पाणी नेहमी साठून राहते आणि तेवढेच पाणी खालची विषारी, दुर्गंधीयुक्त हवा घरात शिरू देत नाही. अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली अशा वाकड्या नळीच्या शौचकूपाचे पेटंट घेतले. वरून पाण्याचा लोंढा पाइपातून खाली जातो तेव्हा तो पुढची हवा ढकलतो व मागून हवा ओढतो. छपराच्या वर तोंड असलेला हवेचा उभा पाइप मोकळा असेल, तर ही हवा तेथून ये-जा करते व कोणास काही ऐकू येत नाही. तो बंद असेल, अथवा पुढे पाइप अर्धवट तुंबलेला असेल, तर हवा जवळच्या बाकातील पाण्यातून वाट काढते. तीच ती गुडगुड. पाइपाचा श्वास कोंडल्याची ती खूण आहे.

यावरून पहिली परीक्षा निघते. भांडे गुडगुडते, परंतु पाणी झटकन निघून जाते, असे असेल तर बहुधा हवेचा पाइप दोषी. त्यात पाखरांचे अथवा गांधीलमाश्यांचे घरटे असते, पालापाचोळा असतो. कित्येकदा वरचा मजला चढविताना गवंड्याने तो पाइप मध्येच बुजविलेला असतो. उलट, गुडगुडीबरोबर भांड्यातील पाणी वर चढत असेल व सावकाश उतरत असेल, तर अडथळा पुढे, वाहत्या पाइपात आहे, असे समजावे.

गुडगुड ही केवळ कानांस त्रास देणारी गोष्ट आहे असे कोणी मानू नये. २००३ सालच्या मार्च महिन्यात हाँगकाँग शहरातील अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्स नावाचा भयंकर ताप पसरला. तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. एका रुग्णास जुलाब होत होते. सरकारी तपासात असे आढळले की, कित्येक घरांतील न्हाणीघराच्या जमिनीतील ट्रॅप वापराअभावी कोरडे पडले होते. दार लावून भिंतीतील पंखा चालविला की सामाईक पाइपातील दूषित हवा घरात ओढली जाई. रोग उंबरठा ओलांडून आला नाही. तो मोरीतून आला. तेव्हा जी मोरी अथवा जो संडास वापरात नसेल त्यात आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावे. एवढ्या लहान कामाने मोठे अरिष्ट टळते.

आता दुसरी परीक्षा. एकच भांडे तुंबले की अनेक? एकच तुंबले असेल तर दोष त्याच्याच बाकात. दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी त्रास असेल, तर जेथे त्यांचे पाइप एकत्र मिळतात त्याच्या पुढे दोष आहे. येथे एक गोष्ट पक्की ध्यानी धरावी. पाणी नेहमी सर्वांत सखल तोंडातून उलटते. वरच्या मजल्यावर कोणी कपडे धुतो आणि ते पाणी खालच्या मोरीत प्रकट होते. ज्याच्या दारी घाण आली तोच घाणेरडा, हा न्याय जगात पुष्कळ ठिकाणी चालतो. परंतु तो पाइपाच्या बाबतीतही खोटा आहे आणि माणसांच्या बाबतीतही खोटा आहे. तळमजल्यावरील कुटुंब बहुतेक वेळा अपराधी नसून पीडित असते.

तिसरी परीक्षा चेंबरांची. घरापासून टाकीपर्यंत ठिकठिकाणी झाकणे असलेली लहान चौकोनी चेंबरे असतात. ती एकामागून एक उघडावी. मुलांस दूर ठेवावे, विडी-काडी जवळ नेऊ नये, झाकण काढून काही वेळ बाजूस उभे राहावे आणि डोके आत घालू नये. पहिले चेंबर कोरडे असेल व घरात पाणी तुंबले असेल, तर अडथळा घर आणि पहिले चेंबर यांच्या दरम्यान. पहिले भरलेले व दुसरे कोरडे, तर त्या दोहोंच्या मध्ये. सर्वच भरलेली असतील, तर टाकीकडे पाहावे. कोणाचा पाइप कोठे मिळतो हे ठाऊक नसेल, तर वरच्या मजल्यावर बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ओतावी व खाली एकाने पाहत राहावे. निळे पाणी जेथे प्रथम दिसते ते सर्वांनी मिळून पाहावे. म्हणजे तर्कास आणि तोंडास येईल त्या बोलण्यास जागा राहत नाही.

आमच्या पाहण्यात असे एक दुमजली घर आहे. खाली थोरला भाऊ, वर धाकटा, मागल्या खोलीत एक भाडेकरू. दर पावसाळ्यात थोरल्याची मोरी भरे आणि जावाजावांचे बोलणे बंद होई. शेवटी वर नीळ ओतून पाहिली. निळे पाणी खालच्या मोरीतून वर आले. पहिले चेंबर मात्र कोरडे राहिले. दोन हात जमीन उकरताच कारण सापडले. घराखाली काळी रेगड आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते. तिच्या ओढाताणीने पाइपाचा एक सांधा खचला होता आणि त्या खोलगट जागी राख, केस व एक फडके अडकून बसले होते. राख दोन्ही घरांच्या भांड्यांची होती. फडके कोणाचे, हे विचारण्याची गरज कोणासच वाटली नाही. सांधा नीट केला, खाली मुरूम भरला, खर्च तिघांनी वाटून घेतला. वर्षानुवर्षे ज्या अपराध्याचा शोध चालला होता तो अपराधी म्हणजे जमीन निघाली.

टाकीविषयीही मोठा गैरसमज आहे. झाकण उघडून ‘टाकी भरली’ असे लोक घाबरून म्हणतात. सेप्टिक टाकी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत नेहमी भरलेलीच असते. तोच तिचा धर्म. तळाशी गाळ बसतो, वर साय धरते, मधले पाणी शोषखड्ड्याकडे जाते. गाळ मात्र दोन-तीन वर्षांनी यंत्राच्या गाडीने उपसून घेतला पाहिजे. नाही तर तो पाण्याबरोबर पुढे जाऊन शोषखड्डा बुजवितो. टाकीतील पाणी बाहेरच्या पाइपाच्याही वर चढले असेल, तर दोष त्या पाइपात अथवा शोषखड्ड्यात आहे. टाकी उपसूनही महिन्याभरात पुन्हा तुंबली, तर टाकीस बोल लावू नये. शोषखड्डा पाणी पीत नाही असे जाणावे. रेगड जमीन पावसात फुगून आपली छिद्रे मिटवून घेते, म्हणून आपल्याकडे हा दोष विशेष. अशा वेळी पागोळ्यांचे पाणी मैल्याच्या पाइपास जोडलेले नाही ना, हे आधी पाहावे. आंघोळीचे पाणी वेगळे काढून परसातील केळींस द्यावे. टाकीवरील भार हलका होतो. शोषखड्डा विहिरीपासून साठ फूट तरी दूर असावा.

घरच्या मायभगिनींस व मुलांस चार नियम सांगून ठेवावेत. संडासात फडकी, सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या वा प्लास्टिक टाकू नये. भांडी घासलेली राख व वाळू, चहाचा चोथा आणि तळणीचे तेल मोरीत सोडू नये. टाकीत वरचेवर ॲसिड वा फिनेल ओतू नये. मैला कुजविणारे सूक्ष्म जीव त्याने मरतात, आणि तुंबलेल्या पाइपात साठलेले ॲसिड साफ करणाऱ्याच्या अंगावर उडते. नवा पाइप घालताना चार इंची पाइपास चाळीस फुटांमागे एक फूट उतार राखावा.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. इतके करूनही अडले, तर पुष्कळांच्या तोंडी एकच उपाय येतो: ‘एखाद्या माणसास दोन-चारशे रुपये देऊन आत उतरवा.’ बंधुभगिनींनो, हे कदापि करू नका. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साठतो. थोडा असता त्यास सडक्या अंड्यांची घाण येते. फार असता तो नाकाची शक्तीच मारतो. म्हणून वास येत नाही याचा अर्थ धोका नाही असा नव्हे. एक उतरतो आणि कोसळतो. त्यास वाचविण्यास दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचतो आणि पान उलटतो.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून कोणासही गटारात वा सेप्टिक टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला असून पहिल्या अपराधासही दोन वर्षांपर्यंत कैद वा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा मृत्यूंबद्दल दहा लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरविले. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. परंतु ख्रिस्ती माणसास कायद्याच्या धाकाची वाट पाहावयास नको. जेथे आपण आपल्या मुलास उतरविणार नाही तेथे दुसऱ्याच्या मुलास उतरविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? पैसे दिले म्हणून तो मिळत नाही. तो माणूस बहुधा गरीब असतो आणि ज्या जातींवर हे काम पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले त्यांपैकी असतो, म्हणून तर तो मुळीच मिळत नाही. प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. त्या काळी ते दासाचे काम समजले जाई. घाणीचे काम खालच्याचे, ही समजूत त्याच रात्री आपल्यापुरती संपली आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत थोर उदाहरणे पाहिली आहेत. आपल्या शेजारच्या वऱ्हाडातील गाडगे महाराज हाती खराटा घेऊन आधी गाव झाडीत आणि मग कीर्तनास उभे राहत. कोकणातील अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपणांसही करू द्यावे म्हणून उपवास आरंभिला. ज्या मैल्याचा आपण विटाळ मानतो त्याच्यापायी एका थोर माणसाने अन्न वर्ज्य केले, हे स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, ज्या घरांत अथवा वसतिगृहांत टाकी सामाईक आहे तेथील सर्व कुटुंबांनी पावसाळ्यापूर्वी एकत्र बसावे. पाइप कोठून कोठे जातो याचा कागदावर नकाशा काढून भिंतीस लावावा. टाकी कोणत्या तारखेस उपसली ते त्यावर लिहावे. दरमहा प्रत्येकाने थोडी रक्कम एका डब्यात टाकावी, म्हणजे यंत्राच्या गाडीचा खर्च एकदम अंगावर येत नाही आणि आत माणूस उतरविण्याचा मोह होत नाही. शेजारी मराठी असो, गोंड असो, लमाण असो की तेलुगू, पाइपास भाषा व जात ठाऊक नाही.

संत पौलाने ख्रिस्तसभेस एका शरीराची उपमा दिली आहे. एक अवयव दुखला की सर्व शरीर दुखते. सामाईक घराचेही तसेच आहे. आपल्या हातून सुटलेले पाणी आपल्या नजरेआड होते, परंतु ते कोणाच्या तरी दारी पोहोचतेच. ते कोणाच्या दारी पोहोचते याची चौकशी करणे, हाच शेजारधर्म. परमेश्वर तुम्हां सर्वांच्या घरांस आरोग्य आणि सलोखा देवो.