भाषेचा मुकादम नको

मराठवाड्यातील सुशिक्षित बेकारांच्या बोलण्यात अलीकडे एक नवा शब्द रुळू लागला आहे. तो म्हणजे ‘ए-वन’. जर्मन भाषेच्या पहिल्या पायरीचे हे नाव. परिचर्येचा अभ्यासक्रम किंवा आयटीआय पूर्ण केलेली नांदेड-लातूरकडची मुले-मुली मोबाइलच्या पडद्यावर जर्मन गिरवीत आहेत. या नव्या आशेकडे आपल्या चळवळीतील काही जण उपहासाने पाहतात, तर काही जण तिची दखलच घेत नाहीत. या दोन्ही वृत्ती चुकीच्या आहेत, असे माझे मत आहे.

या आशेला शासनानेच पाणी घातले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्यासंबंधी सामंजस्य केले. परिचारिका, वीजतंत्री, नळकारागीर, वाहनचालक अशा व्यवसायांतील दहा हजार तरुणांना पहिल्या टप्प्यात तिकडे धाडावयाचे आणि त्यांना जर्मन भाषा सरकारी खर्चाने शिकवावयाची, अशी घोषणा झाली. जुलै २०२४ मध्ये त्यासंबंधीचा शासन निर्णय निघाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतातील कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचे जाहीर केले. जर्मनीत वृद्धांची संख्या वाढते आहे आणि काम करणारे हात कमी पडताहेत. गरज दोन्ही बाजूंना आहे, यात शंका नाही. परंतु गरजवंताला अक्कल नसते, अशी म्हण आपल्याकडे आहे, आणि तिचा प्रत्यय नेहमी दुर्बल बाजूलाच येतो.

प्रथम भाषेचाच विचार करू. जर्मन ही फार अवघड भाषा आहे, खेड्यातल्या मराठी मुलाला ती झेपावयाची नाही, असा समज पसरविला जातो. वस्तुस्थिती तशी नाही. जर्मन नामांना तीन लिंगे आहेत, म्हणून इंग्रजीतून शिकणारा विद्यार्थी हतबल होतो. मराठी मुलाला तो, ती, ते यांची सवय आईच्या मांडीवरच झालेली असते. ‘मुलगी’ या अर्थाचा जर्मन शब्द नपुंसकलिंगी आहे हे ऐकून इतरांना हसू येते. पण ‘ते पोर’ आणि ‘ते पोरगं’ म्हणणाऱ्या आपल्या माणसाला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. जर्मनमध्ये चार विभक्त्या आहेत. शाळेत ‘स-ला-ते’चा तक्ता घोकलेल्याला विभक्ती म्हणजे काय हे नव्याने सांगावे लागत नाही. एकवीस हा आकडा जर्मन माणूस ‘एक आणि वीस’ असा उच्चारतो. आपणही एकवीस, बावीस, पंचवीस म्हणताना एकक आधी आणि दशक मागून म्हणतो.

वाक्यरचनेचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ‘वाइल इश क्रांक बिन’ या जर्मन शब्दांचा क्रम न बदलता मराठी करा: ‘कारण मी आजारी आहे’. एकही शब्द जागेवरून हलवावा लागत नाही, कारण अशा पोटवाक्यात जर्मन क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी येते. इंग्रजीतून शिकणाऱ्याला मात्र हे क्रियापद मधून उचलून शेवटी नेण्याची कसरत करावी लागते. तेव्हा जर्मन शिकण्यासाठी लागणारे पुष्कळसे भांडवल मराठी मुलाच्या गाठीला आधीच आहे.

दुर्दैव असे की ते भांडवल त्याला वापरू दिले जात नाही. बहुतेक ऑनलाइन वर्गांचे माध्यम इंग्रजी आहे. व्याकरणाचे स्पष्टीकरण इंग्रजीत आणि शंकानिरसनही इंग्रजीत. मुखेड, किनवट किंवा निलंग्याच्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी जर्मनपाशी पोहोचण्यापूर्वी इंग्रजीच्या उंबरठ्यावरच अडखळते आणि जर्मन आपल्या आवाक्याबाहेरची आहे असा स्वतःविषयीचा ग्रह करून घेऊन वर्ग सोडते. पुण्या-मुंबईकडच्या महाविद्यालयांत कित्येक वर्षे जर्मन हा भरघोस गुण मिळवून देणारा विषय म्हणून घेतला गेला. तेथे तो गुणपत्रिकेची शोभा वाढवीत होता. येथे तोच विषय भाकरीचा झाला आहे, आणि येथेच तो परक्या माध्यमातून शिकवला जात आहे. निजामी राजवटीत उर्दूच्या माध्यमातून शिक्षण घ्यावे लागलेल्या मराठवाड्याला माध्यमाचा जाच काय असतो हे निराळे सांगावयास नको.

येथे डॉ. राममनोहर लोहियांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. इंग्रजीच्या वर्चस्वाविरुद्ध त्यांनी आयुष्यभर लढा दिला, म्हणून ते परभाषांचे वैरी होते असा ग्रह त्यांच्या टीकाकारांनी करून दिला. लोहिया १९२९ साली बर्लिनला गेले, जर्मन शिकले आणि १९३३ पर्यंत तेथे राहून भारतातील मिठावरील कराच्या प्रश्नावर त्यांनी प्रबंध सिद्ध केला. इरावती कर्वे यांनीही त्याच सुमारास बर्लिनमध्येच संशोधन केले. लोहियांचा विरोध भाषेला नव्हता. मूठभरांची भाषा बहुजनांच्या वाटेत आडवी टाकली जाते, याला होता. जर्मनपर्यंत जाणारा रस्ता इंग्रजीच्या टोलनाक्यावरूनच गेला पाहिजे हा आग्रह त्याच जातीचा आहे.

आता काळाचा आणि पैशाचा हिशेब पाहू. तीन महिन्यांत जर्मन आणि लगेच जर्मनीत नोकरी, अशी आमिषे दाखविली जातात. गटे इन्स्टिट्यूट या अधिकृत संस्थेचा अंदाज असा आहे की पहिल्या पायरीसाठी, म्हणजे ए-१ साठी, ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात. प्रारंभापासून मोजल्यास बी-१ पर्यंत ३५० ते ६५० आणि बी-२ पर्यंत ६०० ते ८०० तासिका लागतात. कामावर राहून व्यवसायशिक्षण घेण्यासाठी बहुधा बी-१ मागतात. परिचारिकेला व्यवसायाचा पूर्ण परवाना मिळण्यासाठी साधारणतः बी-२ लागते. आठवड्याला दहा तासिका धरल्या तरी सहाशे तासिकांना साठ आठवडे, म्हणजे वर्षाहून अधिक काळ जातो. एवढा काळ ज्या मुलीला दिवसा रुग्णालयात तुटपुंज्या पगारावर काम करावयाचे आहे, तिने हा अभ्यास कोणत्या वेळी आणि कोणाच्या पैशावर करावा? शिवाय वर्ग घरबसल्या होत असला तरी परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर द्यावी लागते. वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण अशा चार अंगांची ती परीक्षा. शंभरात साठ गुण मिळाले तर उत्तीर्ण. नांदेडच्या विद्यार्थ्याला त्यासाठी पुणे, मुंबई किंवा त्यांपेक्षा जवळचे हैदराबाद गाठावे लागते. प्रवास, मुक्काम आणि परीक्षा-शुल्क यांचा भार पेलता पेलता कर्ज होते.

कर्ज झाले की मध्यस्थ येतो. मराठवाड्याला त्याची ओळख जुनी आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आपले हजारो ऊसतोड कामगार मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या वाटेला लागतात. उचल फिटेपर्यंत कोयता गहाण असतो. आजारपणात दिवस बुडाला तर मजुरी तर जातेच, वर खाडा म्हणून दंडही बसतो. परदेशी नोकरीच्या बाजारात हाच मुकादम सुटाबुटात भेटतो. तो व्हिसाचे बोलतो, करारपत्र वाचून दाखवतो, आणि वाचून दाखविताना त्यातले काय गाळतो हे भाषा न येणाऱ्याला कधीच कळत नाही.

भाषा न येण्याची किंमत काय असते, हे जर्मनीच्या स्वतःच्या इतिहासात नोंदलेले आहे. पश्चिम जर्मनीने १९५५ साली इटलीशी आणि १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून ‘पाहुणे कामगार’ आणले. हे लोक दोन-चार वर्षांत परत जातील असे गृहीत धरून त्यांना वसतिगृहांत ठेवले गेले. त्यांना भाषा शिकविण्याची गरज कोणाला भासली नाही. ऑगस्ट १९७३ मध्ये कोलोन येथील फोर्ड कारखान्यात तुर्की कामगारांनी संप केला. रजेवरून उशिरा परतलेल्या शेकडो सहकाऱ्यांना काढून टाकले, हे त्याचे निमित्त. जर्मन बोलणारे कामगार-प्रतिनिधी आणि संघटना संपकऱ्यांपासून दूर राहिल्या आणि संप मोडला गेला. श्रमिकांच्या एकजुटीत भाषेची भिंत उभी राहिली तर तिचा लाभ मालकालाच होतो, हा त्यातला धडा आहे.

म्हणूनच भाषेचे शिक्षण नाव-गाव सांगण्यापुरते आणि दुकानात पाव मागण्यापुरते असून चालणार नाही. जर्मनीत १ जानेवारी २०१५ पासून देशव्यापी किमान वेतनाचा कायदा आहे. आजारी कामगाराला, नोकरीला चार आठवडे झाले असतील तर, सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण वेतन मिळते. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनात कामगार-मंडळ निवडण्याचा हक्क आहे. हे हक्क तेथल्या श्रमिकांनी लढून मिळविले आहेत. ज्या प्रदेशात आजारपणाचा खाडा कापला जातो, तेथल्या तरुणाने ‘कारण मी आजारी आहे’ हे वाक्य जर्मनमध्ये शिकताना त्यामागे सहा आठवड्यांच्या वेतनाचा कायदा उभा आहे, हेही त्याच धड्यात शिकले पाहिजे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आपली माणसे आपण बाहेर का पाठवावीत? सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले आणि त्यांत बारा नवजात अर्भके होती. औषधांच्या व मनुष्यबळाच्या टंचाईचा प्रश्न तेव्हा साऱ्या देशापुढे आला. ज्या जिल्ह्यात रुग्णांच्या उशाशी परिचारिका पुरेशा नाहीत, त्या जिल्ह्यातील परिचारिका स्टुटगार्टला पाठविण्याची योजना आखणे हे राज्यकर्त्यांचे कर्तृत्व मानावयाचे की कबुलीजबाब? हा प्रश्न शासनाला विचारलाच पाहिजे. परंतु तो त्या मुलीला विचारणे अन्यायाचे आहे. कंत्राटी नेमणुकीवर वर्षानुवर्षे ताटकळणाऱ्या मुलीला देशप्रेमाचा उपदेश करण्याचा अधिकार तिला कायम नोकरी न देणाऱ्या समाजाला पोहोचत नाही. जाण्याचा हक्क आणि येथे सन्मानाने राहण्याचा हक्क हे दोन्ही तिचे आहेत.

सरकारने मनावर घेतले तर काय करता येते, हे केरळने दाखविले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील ‘नोर्का रूट्स’ या शासकीय संस्थेने जर्मनीच्या संघीय रोजगार संस्थेशी परिचारिकांच्या भरतीचा करार केला. त्या योजनेत भाषाशिक्षण आणि भरती यांचा भार उमेदवारावर टाकलेला नाही. मध्यस्थाला तेथे जागाच उरत नाही.

महाराष्ट्राकडे आपल्या मागण्या अशा असाव्यात. दहा हजारांपैकी किती जणांची नावे नोंदली, किती जण कोणत्या पायरीपर्यंत पोहोचले आणि प्रत्यक्ष किती जण कोणत्या वेतनावर गेले, याचा जिल्हावार हिशेब शासनाने जाहीर करावा. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने नांदेडला आणि आपल्या लातूर उपकेंद्रात जर्मनचे सायंवर्ग चालवावेत. त्यांचे माध्यम मराठी असावे आणि मराठीतून जर्मन शिकविणारे पाठ विनामूल्य उपलब्ध व्हावेत. परीक्षा-केंद्र मराठवाड्यात आणावे. भरतीचा खर्च परदेशी मालकाकडून वसूल व्हावा. आणि या सर्वांबरोबरच येथील शासकीय रुग्णालयांतील परिचारिकांची रिक्त पदे कायम स्वरूपात भरली जावीत.

शासन हलेपर्यंत कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसू नये. जर्मनीच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे, डॉइचे वेलेचे, प्रारंभापासून बी-१ पर्यंतचे पाठ इंटरनेटवर विनामूल्य आहेत. तालुक्याच्या वाचनालयात किंवा संघटनेच्या कार्यालयात एका पडद्याभोवती दहा जण बसू शकतात. त्यांपैकी इंग्रजी जाणणाऱ्याने स्पष्टीकरण मराठीत सांगावे. असा अभ्यासवर्ग चालविण्यास फारसा पैसा लागत नाही. उत्प्रवासन कायद्याखालील नियमांनुसार नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये व त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. अशा एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहावयास मिळते. ही माहिती प्रत्येक आयटीआय आणि परिचर्या महाविद्यालयाच्या दारात फलकावर लागली पाहिजे. ते काम आपण येत्या महिन्यातच हाती घेऊ शकतो, आणि घेतले पाहिजे.