घरी विमान बांधताय? स्क्रीन घेण्याआधी विजेचा हिशेब मांडा!

भारनियमनाच्या काळात इन्व्हर्टर घ्यायला गेलं, की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. पंखे किती, ट्यूब किती आणि किती तास चालायला हवं? घरी विमान बांधणाऱ्यानेही स्वतःला आधी हेच विचारायला हवं. प्रत्यक्षात अनेकदा आधी चकचकीत स्क्रीन निवडली जाते आणि विजेचा विचार शेवटी होतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे आणि धोकादायकही.

कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेलं विमान २०१६ मध्ये बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं. घरी विमान बांधता येतं, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळलं. अमेरिकेत हा छंद जुना आहे. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलं असेल, तर विमानाला ‘एक्स्परिमेंटल’ प्रकारात परवानगी मिळते. कारखान्यातल्या विमानांचे प्रमाणन निकष त्याला लागू नसतात. म्हणजे विजेची रचना बरोबर आहे का, हा प्रश्न बांधणाऱ्याने स्वतःच स्वतःला विचारायचा.

वीज येते कुठून?

इंजिन फिरतं, त्यावर अल्टरनेटर चालतो, तो उपकरणांना वीज देतो आणि बॅटरी चार्ज करतो. अगदी कारसारखंच. फरक इतकाच, की कार बंद पडली तर रस्त्याच्या कडेला लावता येते.

हलक्या विमानांत लोकप्रिय असलेल्या रोटॅक्स ९१२ इंजिनाचा अंगचा जनरेटर सुमारे २५० वॅटचा असतो. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. १४ व्होल्टला भागलं, तर हाती येतात जेमतेम १८ अँपिअर. सतत चालणारा भार क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे उरले साधारण १४.

आता एक नमुना यादी पाहा. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या उपकरणांचे त्यांच्या माहितीपुस्तिकेतून घ्या.

• दोन डिस्प्ले स्क्रीन : ६ अँपिअर
• जीपीएस : १
• रेडिओ (ऐकताना) : १
• ट्रान्सपॉन्डर : २
• ऑटोपायलट : २
• सगळे दिवे : ६
• इंधनाचा विद्युत पंप : २
• पिटो हीटर (वेग मोजणाऱ्या नळीत बर्फ साचू नये म्हणून) : ८

बेरीज २८. म्हणजे सगळं एकाच वेळी लावलं, तर जनरेटर चालू असतानाही बॅटरी रिकामी होत राहील. रेडिओवर बोलताना लागणारा जादा प्रवाह यात धरलेलाच नाही.

अल्टरनेटर बंद पडला तर?

खरा प्रश्न हा आहे. समजा, बॅटरी १६ अँपिअर-तासांची आहे. हा आकडा नव्या बॅटरीचा आणि हळूहळू वीज काढली तरचा. जुनी बॅटरी आणि जादा भार लक्षात घेऊन निम्मा, म्हणजे ८ धरणं शहाणपणाचं. २८ अँपिअरचा भार तसाच ठेवला, तर हाती १७ मिनिटं. एक स्क्रीन, रेडिओ आणि ट्रान्सपॉन्डर एवढंच ठेवलं, तर भार ६ अँपिअर आणि वेळ ८० मिनिटं. बॅटरी तीच, पण धावपट्टी गाठायला एक तासाहून जास्त वेळ मिळाला.

म्हणून अत्यावश्यक उपकरणांची वेगळी वीजवाहिनी, म्हणजे ‘एसेन्शियल बस’ हवी. तिला बॅटरीकडून थेट येणारा दुसरा मार्ग हवा. सगळी उपकरणं एकाच मुख्य स्विचवर टांगली, तर तो एक स्विच बिघडला की सगळंच अंधारात.

दुसरी गोष्ट इशाऱ्याची. अल्टरनेटर चालू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास असतं. ते १३ च्या खाली गेलं, की डोळ्यांसमोर लाल दिवा लागायला हवा. तो नसेल, तर बिघाड कळतो स्क्रीन विझल्यावर. तोवर बॅटरी संपलेली असते.

इंजिनही विजेवरच असेल तर?

जुन्या पद्धतीची मॅग्नेटो प्रज्वलन यंत्रणा स्वतःची ठिणगी स्वतः तयार करते. बॅटरी संपली तरी इंजिन चालू राहतं. इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात मात्र वीज गेली, की इंजिनही बंद. तिथे इंजिनासाठी विजेचा दुसरा स्वतंत्र स्रोत हवाच. यात काटकसर नको.

मोठ्या विमानांत असं होतं का?

होतं. जानेवारी २००८ मध्ये लंडनहून बँकॉकला उतरत असलेल्या क्वांटासच्या बोईंग ७४७ मध्ये गॅलीकडचं पाणी विद्युत नियंत्रण युनिटांवर गळलं आणि चारपैकी तीन जनरेटरचा पुरवठा गेला. अनेक यंत्रणा बंद पडल्या, महत्त्वाची उपकरणं बॅटरीवर चालली आणि विमान सुखरूप उतरलं. दिवस होता, धावपट्टी जवळ होती. पण वैमानिकांना ती मिनिटं मिळाली, कारण काय बंद पडू द्यायचं आणि काय चालू ठेवायचं, हे कुणीतरी कागदावर आधीच ठरवलं होतं.

घरच्या विमानात तो ‘कुणीतरी’ तुम्हीच असता. शेजारच्या सीटवर बसलेला मित्र किंवा मुलगी तुमच्या हिशेबाच्या भरवशावर बसलेली असते. त्यामुळे विमान बांधण्याच्या वहीत पहिलं पान भाराच्या तक्त्याचं असावं. कॉलेजच्या विमान प्रकल्पांतही मार्गदर्शकांनी डिझाइनच्या आधी तोच तक्ता मागावा. बॅटरीची क्षमता दरवर्षी प्रत्यक्ष भार लावून मोजावी आणि कमी भरली, तर ती बदलावी.

स्क्रीन नंतरही मोठी घेता येते. हवेत असताना बॅटरी मोठी करता येत नाही.